दहा वर्षांची स्ट्राँग आणि साडेतीनशेचा ग्लास

प्रश्न : मी सातपूरला एका कारखान्यात नोकरी करतो, वय ३४. दहा वर्षं एकाच कंपनीची स्ट्राँग बिअर पितोय. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर गंगापूर रोडला गेलो, तिथे लहान ब्रूअरीत बनलेल्या क्राफ्ट बिअरचा ग्लास साडेतीनशेला होता. एक मित्र म्हणाला, हा सगळा शोबाजीचा धंदा आहे. दुसरा म्हणाला, बाटलीतल्या बिअरमध्ये ग्लिसरीन असतं, तब्येतीसाठी क्राफ्टच बरी. खरं काय? आणि बदलायचंच झालं तर सुरुवात कशाने करू?

उत्तर :

आधी ग्लिसरीनचं बघू, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. बाटलीचं तोंड अंगठ्याने दाबून ती पाण्याच्या ग्लासात उलटी करायची, मग तळाकडे तेलकट धारा उतरताना दिसतात, आणि ते म्हणे ग्लिसरीन. मी हाच प्रयोग स्वतः बनवलेल्या बिअरवर केलाय, जिच्यात काय काय पडलंय ते मला ग्रॅममध्ये माहीत होतं. अगदी तशाच धारा उतरल्या. बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि धान्याचे इतर घटक विरघळलेले असतात, म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड द्रव खाली सरकतो आणि त्याच्या जागी ग्लासातलं पाणी बाटलीत चढतं. साखरेचा पाक पाण्यात सोडला की ज्या रेघा दिसतात, त्याच या. थोडंसं ग्लिसरीन तर प्रत्येक बिअरमध्ये असतंच, लिटरला साधारण एक-दोन ग्रॅम. आंबवताना यीस्टच ते तयार करतं. वाइनमध्ये याहून जास्त असतं. तेव्हा बाटली उलटी करून तुम्ही आपल्याच पैशाची बिअर ओतून देता आणि उरलेलीत पाणी घालता.

तब्येतीसाठी क्राफ्ट, हेही डोक्यातून काढा. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मी बनवलेली बिअर त्याला अपवाद नाही. क्राफ्ट निवडायची ती चवीसाठी आणि ताजेपणासाठी.

आता मूळ मुद्दा. मी नोकरीची पहिली चार वर्षं वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात काढली, मग पुण्यात आणि आता नाशिकमध्ये लहान ब्रूअरीत, जिथे बिअर बनते तिथेच नळावर मिळते अशा ठिकाणी, टाक्यांवर काम करते. मोठ्या कारखान्यातली माणसं बिअर बिघडवतात, असं मी कधीच म्हणणार नाही. जानेवारीत आणि मे महिन्यात, कोल्हापुरात आणि गोंदियात, लाखो बाटल्यांची चव तंतोतंत एकच ठेवणं हे जबरदस्त कौशल्याचं काम आहे आणि मी ते त्यांच्याकडूनच शिकले. प्रश्न हेतूचा आहे. जी चव कोणालाच खटकणार नाही, ती गाठायची असते. त्यासाठी बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, तांदूळ, मका किंवा साखर वापरली जाते, म्हणजे बिअर हलकी होते आणि खर्चही उतरतो. कित्येक ठिकाणी बिअर आधी दाट बनवतात आणि शेवटी पाणी घालून ठरलेल्या टक्क्यावर आणतात. मग ती बारीक गाळली जाते, बाटलीत भरल्यावर साधारण ६० अंशांच्या गरम फवाऱ्याखालून जाते, आणि ट्रक सुटतो.

पुढचा प्रवास जाहिरातीत कधी दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये मालेगावच्या एखाद्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली पडलेली पेटी डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४२ अंश, आत त्याहून जास्त. बिअर तिथेच म्हातारी होते. आधी हॉप्सचा, म्हणजे कडवटपणासाठी घातलेल्या फुलांचा, वास उडतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो, शेवटी एक जड, शिळा गोडवा राहतो. पाश्चरीकरणाने जंतू मरतात, पण हे म्हातारपण थांबत नाही, कारण तो जंतूंचा खेळच नाही, ऑक्सिजनचा आणि उष्णतेचा आहे. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली दुकानाच्या दारात उन्हात मांडलेली असेल तर आणखी एक दोष येतो. उजेडाने हॉप्समधला कडू घटक तुटतो आणि उग्र, कुबट वास तयार होतो. त्याला काही मिनिटांचं ऊन पुरतं. तपकिरी बाटली यातून बऱ्यापैकी वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो.

मग हे सगळं आपल्या लक्षात का येत नाही? कारण आपण ती बर्फासारखी गार करून पितो. ‘एकदम चिल्ड दे’ म्हटलं की जीभ बधिर होते आणि नाकाला काही कळत नाही. स्ट्राँगमध्ये अल्कोहोलचा चटका उरलेलं सगळं झाकतो. तुम्ही दहा वर्षं स्ट्राँग पिताय, म्हणून एक हिशोब मांडते. आपल्याकडे ५ टक्क्यांच्या वर आणि ८ टक्क्यांपर्यंत असलेल्या बिअरला स्ट्राँग म्हणतात. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिली ग्लासात साडेसोळा मिली. एक बाटली म्हणजे जवळपास तीन ग्लास. तुमचा मित्र शोबाजी म्हणतो ते बहुधा अल्कोहोलच्या हिशोबाने, आणि त्या हिशोबात क्राफ्ट कधीच जिंकणार नाही. ‘रुपयाला किती चढते’ एवढंच मोजायचं असेल तर बाटलीच घ्या.

जाहिरातीबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. आपल्या देशात टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून त्याच नावाचं पाणी, सोडा, म्युझिक सीडी दाखवल्या गेल्या. त्या नावाचं पाणी तुम्ही शेवटचं कधी विकत घेतलंत? नाव आणि चिन्ह डोक्यात बसावं, एवढंच त्याचं काम. आणि डोक्यात बसलेलं नाव जिभेवर कसं उतरतं, ते फार पूर्वी तपासून झालंय. १९६४ साली ॲलिसन आणि उल या दोघांनी अमेरिकेतल्या बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल काढलेल्या बाटल्या दिल्या. बहुतेकांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही. मग त्याच बाटल्या लेबलसकट दिल्या, तेव्हा बहुतेकांना आपापला ब्रँड चांगला लागला. म्हणजे पैसे चवीसाठी मोजले असं वाटत होतं आणि आनंद देत होतं लेबल. किमतीचंही तसंच. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रूअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया यांना मिळून ८७३ कोटींच्या आसपास दंड ठोठावला, कारण बिअरच्या किमतींबाबत कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपसांत संगनमत केल्याचं आयोगाला आढळलं. यातली तिसरी मोठी कंपनी स्वतः माहिती घेऊन आयोगाकडे गेली, म्हणून तिला दंडातून सूट मिळाली. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरीही, बाटली ‘स्वस्त आणि रास्त’ आहे असं कोणी म्हणालं की मला हा आदेश आठवतो.

आता साडेतीनशेच्या ग्लासात काय असतं ते. आणि इथे नाशिककराला दोन गोष्टी आधीच माहीत असतात, फक्त त्या बिअरशी कोणी जोडून दिलेल्या नसतात.

पहिली घरातली. तान्ह्या बाळासाठी आई नाचणीचं सत्त्व करते तेव्हा काय करते? नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, दळते. माल्ट म्हणजे हेच, फक्त बार्लीचं. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की जी पिष्टाची साखर करतात, म्हणून सत्त्व गोडसर लागतं आणि बाळाला पचतं. मोड आलेला दाणा किती तापमानाला भाजायचा, यावर बिअरचा रंग आणि बरीचशी चव ठरते. हलका वाळवला तर सोनेरी, थोडा जास्त भाजला तर बिस्किटासारखी, कॅरॅमलसारखी चव, करपण्याच्या बेतापर्यंत नेला तर कॉफी आणि कडू चॉकलेट. काळी स्टाउट पिऊन लोक विचारतात, यात कॉफी घातलीय का? बहुतेक वेळा नसते.

दुसरी शेतातली. माझं माहेर पिंपळगाव बसवंतजवळचं, वडील द्राक्ष बागायतदार. त्यांच्या खिशात कायम ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर असे. मण्याचा रस एक थेंब काचेवर सोडायचा, उजेडाकडे धरायचं आणि काढणीला आला की नाही ते सांगायचं. मी आज टाकीपाशी तेच यंत्र वापरते. माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेल्या गोड रसाला आम्ही वर्ट म्हणतो. साध्या बिअरचा वर्ट ११-१२ ब्रिक्सचा, म्हणजे खायच्या द्राक्षांपेक्षा कमी गोड. ज्या जिल्ह्यात शेतकरी घडाला हात लावून गोडी सांगतो, आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आल्यापासून लोक ग्लास फिरवून वास घ्यायला शिकलेत, तिथे बिअरकडे मात्र कोणी नाकाने बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्ट उकळताना हॉप्स पडतात. ही एका वेलीची फुलं. कडवटपणा, वास आणि थोडं टिकाऊपण त्यातून येतं. मग यीस्ट. इथे माझ्या कामातला सगळ्यात सुंदर भाग येतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, हेफेवाइझनला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. त्या जातीचं यीस्ट आंबवताना जे द्रव्य तयार करतं, तेच पिकलेल्या केळ्यातही असतं. आंबवताना तापमान दोन अंश वर गेलं तर केळं पुढे येतं, खाली ठेवलं तर लवंग. एका टाकीवर रात्री उठून दोन अंश सांभाळणारा माणूस, तुम्ही साडेतीनशेतला एक भाग त्याचा देता. उरलेलं माल्टचं, आयात हॉप्सचं, जागेच्या भाड्याचं आणि करांचं.

ताजेपणा इथे फुकट मिळतो, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात मोठा फरक. टाकीतून नळापर्यंत पंधरा-वीस फूट. ना पत्र्याचं गोडाऊन, ना ट्रक. म्हणून माझं मत थोडं वेगळं वाटेल, पण ठाम आहे : गेल्या महिन्यात भरलेली, सावलीत ठेवलेली मोठ्या कंपनीची बिअर ही वर्षभर दुकानात पडलेल्या महागड्या क्राफ्ट बाटलीपेक्षा चांगली. क्राफ्ट हा शब्द लेबलवर कोणीही छापू शकतं. आणि आज लहान असलेलं नाव उद्या मोठ्याच्या खिशात असू शकतं. शिकागोची गूस आयलंड १९८८ ला छोटी म्हणून सुरू झाली आणि २०११ मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने ती विकत घेतली. नावाकडे बघून भक्ती करायची सवय इकडून उचलून तिकडे ठेवली, तर तुमचं काहीच बदललं नाही.

क्राफ्टमध्ये वाईट बिअरही भरपूर मिळते. माझ्याच हातून झालीय. काही वर्षांपूर्वी एकतीस डिसेंबरला माल कमी पडेल म्हणून मी एका लागरला, म्हणजे थंडीत सावकाश आंबवायच्या बिअरला, चार दिवस कमी दिले. आंबवणं संपल्यावर यीस्टला थोडा वेळ द्यावा लागतो. मधल्या टप्प्यावर तयार झालेला, लोण्यासारखा वास देणारा डायअसिटिल ते परत शोषून घेतं. मी थांबले नाही. ग्लासात बटर पॉपकॉर्नचा वास आला. ५०० लिटर बिअर मी गटारात सोडली, आणि एकतीसच्या रात्री नळावर दोनच प्रकार होते. कारखान्यात असं होत नाही. तिथे प्रयोगशाळा असते आणि बॅच सुटण्याआधी दहा जण तपासतात. लहान जागी एकटा ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, प्रामाणिक असावा लागतो. सगळे नसतात. आंब्याचा गर ओतून दोष झाकणारे मी पाहिलेत. आंबा वाईट नाही, पण त्याखालची बिअर चांगली हवी.

पाण्याचं बोलल्याशिवाय नाशिकमध्ये हा विषय पुरा होत नाही. गंगापूर-दारणेचं पाणी जायकवाडीला सोडायची वेळ आली की ‘आमचं पाणी बिअरच्या कारखान्यांना’ असं आपण सगळेच म्हणतो. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत कमी करायला लावलं होतं, ते मला चांगलं आठवतं. पण म्हणून लहान ब्रूअरी पाण्याच्या बाबतीत सोवळी ठरत नाही. मोठा कारखाना लिटरभर बिअरला तीन ते पाच लिटर पाण्यात भागवतो, कारण धुणं, थंड करणं, पुन्हा वापरणं हे सगळं त्याने बसवलेलं असतं. लहान जागी याच लिटरला त्याहून जास्त पाणी जातं. एकूण पाणी कमी, लिटरमागे जास्त. आम्ही थंड करायला वापरलेलं गरम पाणी पुढच्या बॅचला घेतो, चोथा एका गोठ्यात गायींना जातो. एवढं करूनही आकडा कारखान्याच्या खाली येत नाही.

आता तुमची सुरुवात. स्ट्राँगवरून थेट आयपीएवर, म्हणजे भरपूर हॉप्सच्या कडू बिअरवर, उडी मारू नका. त्यातला कडवटपणा तुम्हाला औषधासारखा लागेल आणि मित्र म्हणेल, बघ, सांगितलं होतं ना. पहिल्या वेळी हेफेवाइझन किंवा बेल्जियन विट घ्या. विट हीही गव्हाचीच बिअर, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, आपल्या जिभेला दोन्ही ओळखीची. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अंबर एल किंवा स्टाउट. आयपीए नंतर, जेवणाआधी आणि लहान ग्लासात. बहुतेक ठिकाणी चार-पाच प्रकारांचे छोटे ग्लास एकत्र देतात. तेच मागवा, साडेतीनशेचा जुगार नको. सोबत काळ्या मसाल्याचं मटण असेल तर कडू बिअर टाळा, कारण हॉप्सच्या कडवटपणाने तिखट आणखी भडकतं. गव्हाची बिअर किंवा माल्टचा गोडवा असलेली अंबर तिखट सावरून घेते. चिवडा आणि खारे शेंगदाणे जवळपास कशाहीबरोबर चालतात.

वेटरला दोन गोष्टी विचारा. आज कुठली बॅच सगळ्यात ताजी आहे? आणि ब्रूअर आहे का? उत्तर देताना समोरचा गडबडला तर तिथे फार अपेक्षा ठेवू नका. आम्ही ब्रूअर लोक विचारणाऱ्या गिऱ्हाइकासाठी टाकी सोडून बाहेर येतो, हे मनापासून सांगते. बर्फाळ ग्लास नको म्हणा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर तो नीट धुतलेला नाही. आणि गव्हाची बिअर गढूळ असणं बरोबर आहे, त्यात यीस्ट असतं; पण व्हिनेगरसारखी आंबट, लोण्यासारखी किंवा उकडलेल्या मक्यासारखी लागली तर सौम्यपणे परत करा आणि कारण सांगा. आंबट किंवा लोण्यासारख्या चवीमागे अनेकदा न धुतलेली नळाची लाइन असते आणि तुमच्या सांगण्याने ती धुतली जाते.

दुकानातून घ्यायची वेळ आली तर लेबलच्या आधी भरल्याची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आतली, फ्रीजमधली, तपकिरी बाटली किंवा कॅन. घरी एकदा मित्रांना बोलवा आणि तीन ग्लास भरा. दोनमध्ये तुमची नेहमीची, एकात दुसऱ्या कंपनीची, कुठल्यात काय ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक. थोडी गार, बर्फासारखी नाही. वेगळी कुठली ते ओळखायला सांगा. शोबाजी म्हणणाऱ्या मित्राला पहिला मान द्या. तो ओळखू शकला तर त्याची जीभ चांगली आहे, पुढच्या वेळी त्यालाही बरोबर आणा.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, तो काढलेला असू द्या. गंगापूर रोडवरून परतताना दुचाकी तिथेच सोडा, रिक्षाने घरी जा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा दोन ग्लासांतही ओलांडली जाऊ शकते. येणार असाल तर शनिवारऐवजी मंगळवार-बुधवारी या. गर्दी नसते, ब्रूअर मोकळा असतो, आणि मागितलंत तर टाकीपाशी नेऊन अजून गाळायच्या बिअरचा एक घोटही देईल.